कवडूच्या गाठीचा परवाना

कवडू तेलरांधे यांच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली, यात शासनाचा काहीही दोष नव्हता. ती उगवली मध्यप्रदेशात आणि कापली गेली मुंबई राज्यात. पण त्यासाठी कवडूने कुठे प्रवास केला होता असे नाही. एकोणीसशे छप्पनच्या दिवाळीत, राज्यपुनर्रचनेत, राज्यच त्याच्या अंगाखालून सरकले होते. तो आपला वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरात बाजेवर पडून होता.

गाठ कापणाऱ्या डॉक्टर पांढरीपांड्यांनी ती काचेच्या बरणीत टाकली, वरून स्पिरिट ओतले आणि कवडूला नीट समजावले. या गाठीचा पातळ काप काढून नागपूरला सूक्ष्मदर्शकाखाली बघतील, मग कळेल की गाठ साधी की घातकी. "पंधरा दिवसांत कागद येईल. तोवर काळजी करू नका," असे ते म्हणाले. डॉक्टर असे म्हणाले की माणूस काळजी कुठून सुरू करावी ते शोधू लागतो. कवडूला तर शोधावेही लागले नाही. जीव जायची भीती होतीच, शिवाय कापसाचा हंगाम तोंडावर आला होता आणि सरकी काढणाऱ्या ज्या जिनात तो कामाला होता, तिथल्या दिवाणजींनी बजावले होते, "रोग लागट नाई असा कागद आण, मंगच कामावर येजो."

कागद आलाही असता. पण त्याच आठवड्यात जिल्ह्यात योजना आली.

योजनेचे नाव 'जिल्हा सामायिक ऊतक-नमुना जाळे (प्रायोगिक)' असे होते. हेतू उदात्त होता. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा एकाच दवाखान्याच्या फळीवर धूळ खात न पडता सगळ्या जिल्ह्याच्या कामी यावा, हा तो हेतू. त्यासाठी नियोजन समिती नेमली गेली. अध्यक्ष म्हणून बाबारावजी आले. जिल्ह्यात कोणतीही समिती निघाली की ते तिच्यात आधीच बसलेले असत. सचिव म्हणून गुंडावार आले. सभासद आले, सतरंज्या आल्या, लोड आले. फक्त नमुना तेवढा नव्हता. साऱ्या जिल्ह्यात बरणीत बसलेला मानवी तुकडा शोधता शोधता एकच निघाला. नागपूरला निघालेली बरणी गुंडावारांनी स्टेशनावरून परत आणवली आणि तिच्यावर 'नमुना क्रमांक एक' अशी चिठ्ठी डकवली.

पहिल्याच बैठकीत बाबारावजींनी बरणीकडे पाहून डोळे मिटले. "या सतरंजीवर आजवर कांदासुद्धा आलेला नाही. इथे मांस ठेवता येणार नाही."

"हे खाण्याचं नाही, अध्यक्षमहाराज," डॉक्टर म्हणाले. "माणसाचं आहे."

"मग तर मुळीच नाही."

बराच खल झाल्यावर तोडगा निघाला. नमुना शाकाहारी असल्याचे त्याच्या मूळ धारकाने लिहून दिले तर तो सभागृहात बसू शकेल. मूळ धारकाला बोलावणे गेले. कवडूला वाटले, कागद आला. धुतलेले धोतर नेसून, देवाला हात जोडून तो धावत आला.

"तुमची गाठ मांसाहारी आहे का?" गुंडावारांनी विचारले.

कवडूने बरणीकडे पाहिले. इतक्या दिवसांनी तिला पाहून त्याला उगाच भरून आले. "साहेब, ते माह्या मानेले होती, पोटात नोहती. तिनं काय खाल्लं ते मले काय मालूम?"

"तुम्ही खाता का?"

"पोळ्याच्या पाडव्याले खातो जी. खोटं काऊन बोलू?"

"वर्षातून एकदा," गुंडावारांनी लिहून घेतले. "म्हणजे उरलेलं वर्षभर शाकाहारी. चालेल."

"अन् साहेब, ते साधी हाय का घातकी, ते..."

"तो विषय आजच्या बैठकीसमोर नाही," गुंडावार म्हणाले.

आहाराचा प्रश्न सुटला, पण बरणी उघडताच खोलीत जो वास दरवळला त्याने पेयाचा प्रश्न उभा केला. वर्धा जिल्हा कोरडा. दारूचा थेंब जवळ बाळगायचा तर परवाना लागे. दुसऱ्याच दिवशी दारूबंदीचे निरीक्षक हजर झाले. त्यांनी बरणी हुंगली, डोळे मिटून पुन्हा हुंगली, आणि खात्री व्हावी म्हणून तिसऱ्यांदाही हुंगली.

"गाठ दारूच्या अमलाखाली आहे," त्यांनी निष्कर्ष सांगितला.

"अहो, स्पिरिट आहे ते. टिकवण्यासाठी घातलंय," डॉक्टर म्हणाले.

"सगळे असंच सांगतात. पण दिवाळीपासून आजतागायत गळ्यापर्यंत बुडालेलं असं उदाहरण माझ्या नोकरीत नाही."

नियम स्पष्ट होता. दारूवाचून जो जगू शकत नाही असे डॉक्टर लिहून देतील, त्यालाच परवाना मिळे.

"स्पिरिट काढलं तर काय होईल?" निरीक्षकांनी विचारले.

"सडेल."

"म्हणजे जगणार नाही."

"ती मेलेलीच..."

"जगणार नाही, एवढंच लिहा, डॉक्टर. बाकीचं खातं बघून घेईल."

आता परवाना कोणाच्या नावे काढायचा? गाठीला स्वतःचे नाव नव्हते, बापाचे नाव नव्हते, राहण्याचे ठिकाण म्हणाल तर तिला नुकतेच तिथून काढून टाकण्यात आले होते. शेवटी गाठ ज्याची, व्यसन त्याचे, असे ठरले. कवडू तेलरांधे, मुक्काम नालवाडी, हा माळकरी बापाचा मुलगा, ज्याने आयुष्यात मोहाच्या फुलाचा वासही जपून घेतला होता, तो जिल्ह्यातला नोंदणीकृत, शिक्कामोर्तब झालेला दारुडा ठरला. सरकार कोणाला काय देईल सांगता येत नाही.

तानाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "अवो, जिंदगीत थेंब नाई घेतला तुमी. अन् आता लोकं मले दारुड्याची बायको म्हून राह्यले!"

"अवं, मी कुठं पेतो? गाठ पेते."

"मंग तिले घेऊन बसा चुलीपाशी! मले सांगा, जीवाले धोका हाय का नाई? ते काऊन नाई इचारत तुमी?"

कवडू विचारतच होता. पण आता त्यालाच विचारणारे वाढले. एका संध्याकाळी मागच्या दारी कोणी खाकरले. बाहेर बापूराव मास्तर उभे होते. दर रविवारी चौकात दारूबंदीवर व्याख्यान देणारे हेच ते मास्तर. मफलर नाकापर्यंत ओढलेला होता.

"कवडूभाऊ, थंडी लय पडून राह्यली. घरात औषधापुरतं काही असन तं..."

"मास्तर, दारू मले नाई भेटत. माह्या गाठीले भेटते."

"तेच तं म्हंतो मी! पण तेवढीशी गाठ, ते काय सगळीच पीत असन का?"

मास्तरांनी एक शंका फक्त बोलून दाखवली होती, समितीने तिच्यावर काम सुरू केले होते. बरणीतले स्पिरिट भराभर कमी होऊ लागले. गुंडावारांनी नोंद केली, की नमुन्याची तहान अपेक्षेहून अधिक आहे, सबब कोटा वाढवून मिळावा. कोटा वाढला. तहानही वाढली. महिन्यातून एकदा भरणारी बैठक आधी आठवड्याला आणि मग रोज दिवेलागणीला भरू लागली. जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही समितीला गणसंख्या जमत नसे. इथे सभासद आपापल्या मेहुण्यांनाही निरीक्षक म्हणून आणत. बाबारावजींनी तत्त्व सोडले नव्हते. ते पीत नसत, ते फक्त नमुन्याच्या संरक्षक द्रवाची प्रत तपासत. कोणतेही काम अर्धवट सोडायचे नाही ही त्यांची जुनी शिस्त असल्याने तपासणी पूर्ण होई. ठराव एकमताने मंजूर होत, विरोधक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत आणि निघताना सारे भजन म्हणत जात.

डॉक्टर पांढरीपांडे भले गृहस्थ होते, पण एकटे होते. त्यांनी समितीला कळवले, की काप नागपूरला पाठवू द्या, एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. उत्तर आले: 'प्रस्तुत जाळे नमुने वाटून घेण्यासाठी आहे, तपासण्यासाठी नाही. तपासला तर नमुना खर्ची पडेल. खर्ची पडला तर वाटणार काय?' या उत्तरात चूक काढून दाखवावी, अशी जागाच नव्हती. डॉक्टरांनी दोनदा वाचले आणि चष्मा पुसला.

इकडे कवडूने हिय्या केला आणि कागदाशिवायच दिवाणजींकडे गेला. दिवाणजींनी त्याला आत घेतले, दाराला कडी लावली आणि हळूच विचारले, "परवाना हाय म्हंते तुह्यापाशी?"

"हाय जी. पण कागद..."

"कागद गेला खड्ड्यात. उद्यापासून कामावर ये. येताना गाठीले माहा नमस्कार सांगजो. अन् हे लहानशी शिशी घेऊन जाय."

असा कवडूचा पोटाचा प्रश्न मिटला. जिवाचा राहिला. कापसाचे तूस अंगावर घेत काम करताना त्याचा हात आपोआप मानेकडे जाई.

उन्हाळा लागता लागता बरणी कोरडी ठणठणीत पडली आणि तळाशी गाठ सुपारीसारखी वाळून बसली. डॉक्टर म्हणाले, आता हिचे काहीच दिसणार नाही. कवडू तडक बैठकीत घुसला. त्याचा आवाज फाटला होता.

"माही गाठ होती जी ते! मी मरतो का जगतो ते तिच्यात लिवलं होतं. तुमी पेऊन टाकलं!"

मग बाबारावजी उठले. "या त्यागाबद्दल समिती श्री. तेलरांधे यांचे आभार मानते," ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

प्रयोग यशस्वी ठरला. उद्दिष्टाच्या चौपट खप झाला होता. योजना प्रत्येक तालुक्याला लागू करण्याची शिफारस गेली, आणि ती मंजूर व्हायच्या आतच जिल्हाभर लोकांना गाठी येऊ लागल्या. आर्वीहून वकील आले, समुद्रपूरहून सावकार आले. कोणी चामखीळ दाखवी, कोणी टेंगूळ, एकाने तर बायकोने लाटण्याने आणलेले ताजे टेंगूळ सादर केले. बापूराव मास्तरांना कुठेच काही सापडेना म्हणून ते आपला गुडघाच देऊ करत होते.

त्या गर्दीत पोळ्याच्या सुमारास कवडूही आला. जुन्या वणाखाली वाटाण्याएवढे काहीतरी हाताला लागत होते. डॉक्टरांनी चाचपून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. पण तोवर बाबारावजी हार घेऊन पोचले होते. मागून दोघे जण नवी बरणी उचलून आणत होते. तिच्यात आख्खा कवडू मावला असता.

"साहेब," कवडूने हात जोडले, "यावेळी तरी पाहा जी, काय हाय ते."

"पाहू, पाहू," बाबारावजी म्हणाले. "आधी बरणी भरू द्या."

"यालेच काऊन दोन-दोन?" रांगेतून कोणी ओरडले. "आमच्या माना का मेल्या हायेत?"

कवडूच्या मानेत काय आहे, हे अजून कोणी पाहिलेले नाही. आणि वाचकहो, तुम्ही हसू नका. मघापासून तुमचाही हात मानेवरून फिरतो आहे. तिथे काही लागलेच, तर आधी घाबराल की आधी अर्ज कराल, एवढे मनाशी खरे सांगा.