ब्रेकपायी घडलेला तेला

"रविवारी सकाळी सहाला निघणार आणि साडेसातला एरंडोलात चहा पिणार. सायकलवर!" लखीचंदभाऊंनी जाहीर केलं. ऐकायला फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि तेही दिवाळीपासून बंद!

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या घरात सध्या सगळ्या घोषणा अशाच होत. बायको चेलनाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलता मुलगा जिनेश धुळ्याला साड्यांचं दुकान चालवत होता आणि दर रविवारी न चुकता फोन करत होता. "पप्पा, तब्येत बरी? जेवलात? ठेवतो." पन्नास सेकंद. कधी लाइन खराब असली की सत्तर.

म्हणून भाऊंनी माळ्यावरची आपली तरुणपणची रेसर सायकल खाली काढली. सगळं शाबूत होतं, फक्त ब्रेक गेले होते. आता ब्रेक लावायचे तर तसेच जुने, मधून ओढायचे! आजकालचे एका बाजूने ओढणारे ब्रेक भाऊंच्या मते खेळण्यातले होते.

ते थेट धुळ्याला गेले. तिथे नूर महंमद नावाचा जुना कारागीर होता. त्याने पत्र्याचा डबा उपडा केला. दोन जोड्या निघाल्या. एक चकचकीत, पण आखूड हातांची. दुसरी कळकट, पण लांब हातांची. भाऊंनी चकचकीत उचलली.

"चमक नका बघू, भाऊ," नूर महंमद म्हणाला. "हात रिमपर्यंत पोचला पाहिजे. आखूड घेतला तर रबर टायरला घासेल आणि टायर फाटेल. हा दुसरा घ्या. मधली तार वर खेचली की दोन्ही हात एकदम रिमला धरतात. पण एक ध्यानात ठेवा, लावताना कोणीतरी जवळ पाहिजे. एकाने दोन्ही रबरं रिमवर दाबून धरायची, दुसऱ्याने तार ताणून नट कसायचा. दोन हातांचं काम नाही ते. तिसरा लागतोच."

"चाळीस वर्षं एकट्याने कापडाची थानं उचलली आहेत मी! मला कशाला लागतोय तिसरा हात?"

कळकट जोडी पिशवीत टाकून भाऊ मुलाच्या दुकानात गेले. तिथे सेल लागला होता. "पप्पा, पाचच मिनिटं!" असं जिनेश साड्यांच्या ढिगामागून ओरडला. भाऊंनी सव्वा तास वाट पाहिली, दोन चहा प्यायले, आणि मग बस पकडून जळगावला परतले. पिशवीत काय आहे हे कोणी विचारलंच नाही.

शनिवारी सकाळी दोन बश्या पोहे खाऊन भाऊ ओट्यावर कामाला बसले. मागचा ब्रेक नूर महंमदने नमुना म्हणून थोडा जमवून दिला होता, तो तासाभरात बसला. पुढचा मात्र हटून बसला! रबरं दाबावीत तर तार सुटे. तार ताणावी तर रबरं सुटत. दोरी बांधून पाहिली, ती घसरली. कपड्यांचे चिमटे लावले, ते उडून शेजारच्या कुसुमलताभाभींच्या अंगणात पडले. शेवटी भाऊंनी डाव्या हाताने रबरं दाबली, उजव्या हातात पाना घेतला आणि तार धरली दातात!

नेमक्या त्याच वेळी कुसुमलताभाभी चिमटे परत द्यायला आल्या.

"भाऊ, चहा टाकू?"

भाऊंनी मान हलवली. नको. तोंड उघडलं की तार सुटणार!

"उपमा केलाय गरम."

नको.

"पाणी तरी?"

नको!

भाभींचे डोळे मोठे झाले. चातुर्मास चालू होता. माणूस सकाळपासून बोलत नाही, खात नाही, पाणीसुद्धा नको म्हणतो! त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ... उपवास? मौन धरलंय?"

भाऊंनी घाईघाईने पाना खाली ठेवला आणि तीन बोटं वर केली. तिसरा हात लागतोय, जरा धरा ना!

"तेला!" भाभींनी हात जोडले. "तीन दिवसांचा उपवास, तोही मौनात! आणि कोणाला सांगितलंही नाहीत! धन्य आहात!"

पुढच्या दहा मिनिटांत ही बातमी जैन समाजाच्या ग्रुपवर गेली. अर्ध्या तासात लोक यायला लागले. तपस्वी माणसाची साता विचारायला जायचं, म्हणजे बरं वाटतंय ना हे विचारायला घरी जायचं, ही रीतच आहे. बायका स्तवन म्हणायला बसल्या. समोरचा जीवराम, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, तोही धावत आला. "भाऊ, तुमी निस्ता आराम करा. बठ्ठं आमी दखी लेसूत!" असं सगळं बघून घ्यायचं आश्वासन देत त्याने सायकल उचलली आणि मागच्या मोरीपाशी नेऊन उभी केली.

भाऊंनी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. दारात चपलांचे सव्वीस जोड होते! तीन वर्षं तिथे एकच जोड होता, तोही त्यांचा. भाऊंना इतकं भरून आलं की त्यांनी तोंड पुन्हा मिटलं.

पण माणूस मुळात पापभीरू. पोटात पोहे असताना तपाचा मान घ्यायचा म्हणजे फारच झालं! मग भाऊंनी मनातल्या मनात त्याच क्षणापासून खरंच तीन दिवसांचं पच्चक्खाण, म्हणजे व्रताचा संकल्प, घेतलं, तोही मौनासकट. फक्त उकळलेलं पाणी, तेही उजेड असेपर्यंतच.

पहिला दिवस थाटात गेला. दुसऱ्या दिवशी पोटात कावळे कोकलायला लागले. त्यात रविवार! एरंडोलचा चहा राहिलाच. भाऊंनी दुपारी खुणेने सायकलकडे बोट दाखवलं आणि पुन्हा तीन बोटं वर केली. एवढ्या माणसांत एकाने तरी एक मिनिट रबरं धरावीत!

"तीन वर्षं सायकलचा त्याग!" कुसुमलताभाभींनी जाहीर केलं. तेही ग्रुपवर गेलं. संध्याकाळी गोशाळेचा माणूस सायकल दानात न्यायला आला, तेव्हा भाऊ उपाशीपोटी मोरीत धावले आणि पुढच्या चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले. "केवढा मोह, पण सोडायची धडपड बघा!" असं एक आजी म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. घर माणसांनी भरलं होतं, पण भाऊंना काय हवंय ते त्यातल्या एकालाही कळत नव्हतं.

मंगळवारी सकाळी पारणं. जिनेश धुळ्याहून पहिल्या गाडीने आला. त्याने स्वतःच्या हाताने वडिलांना मुगाचं पाणी चमच्याने पाजलं. "पप्पा, मला फोन तरी करायचा!" तो म्हणाला. फोटो झाले, स्तवनं झाली. अकरा वाजता सगळी मंडळी आपापल्या कामाला गेली. दारात चपलांचे दोनच जोड उरले.

"जिनेश, एक सांगायचंय," भाऊ म्हणाले. "मी तेला धरलाच नव्हता. म्हणजे नंतर धरला. आधी दातात तार होती."

त्यांनी सगळं सांगितलं. पोहे, चिमटे, तीन बोटं, सगळं. जिनेश पोट धरून हसला.

"अहो, पण तार काढून बोलायचं ना!"

"कोणाशी?" भाऊंनी विचारलं.

जिनेशचं हसू तिथेच थांबलं. तो उठला, मोरीपाशी गेला आणि सायकल ओट्यावर घेऊन आला. खाली बसून त्याने दोन्ही रबरं रिमवर दाबून धरली. "हं. आवळा नट. माझी दीडची गाडी आहे."

भाऊंनी तार ताणली, पाना लावला. एका मिनिटाचं काम! ते म्हणाले, "घट्ट धर हं." मग दुकान कसं चाललंय ते विचारलं. मग नात प्रियलची परीक्षा, सूनबाईची पाठदुखी, धुळ्याचा पाणीपुरवठा. मधेच एकदा चहा झाला, तोही जिनेशला भाऊंनी बशीतून पाजला, कारण त्याचे हात अडकले होते.

पावणेदोन वाजले तेव्हा जिनेशने वाकून नीट पाहिलं.

"पप्पा, तुम्ही हा नट मघापासून उलटा फिरवताय."

"असं?" भाऊ ओशाळून म्हणाले. "वय झालं रे. म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासूनच," जिनेश म्हणाला. त्याने मांडी ठोकली, रबरांवरची पकड नीट केली आणि कुसुमलताभाभींना हाक मारून सांगितलं की आज रात्री तो इथेच जेवणार आहे.