सिद्धम्माचे चार प्लग

"त्यात काय एवढं? निरांजनातली वात बदलायची काय आणि इंजिनातला प्लग बदलायचा काय!" असं सिद्धम्मानं जाहीर केलं, तेव्हा गुरुपादप्पांच्या ओठांपर्यंत गेलेली चहाची बशी तशीच खाली आली.

आता उदगीरच्या भर बाजारपेठेतल्या घरात सुनेनं असं जाहीर करायचं म्हणजे काळीज लागतं. सिद्धम्माचं काळीज तिच्या गाडीइतकंच दणकट होतं. बेचाळिसाव्या वर्षी ती ड्रायव्हिंग शिकली, तीही नवऱ्याकडून नव्हे. गुरुपादप्पा शेजारी बसले की ब्रेकच्या आधी त्यांचं 'शिव शिव' लागायचं. मग हिनं मोकळ्या मैदानात चार घमेली पालथी घातली आणि त्यांना वळसे घालत आपली आपणच शिकली. घमेली चेपली, पण हात बसला. गेली सहा वर्षं घरची सीएनजी पिकअप तीच चालवते. पेंड, सरकी, लग्नाची भांडी, कधी कुणाचं जनावर. गाव तिला गाडीवाल्या वहिनी म्हणतं. हे कानावर पडलं की ती पदर सारखा करते आणि ऐकलंच नाही असं दाखवते.

तर ही गाडी आठवडाभर चढावर दम खात होती. मल्लिकार्जुन मिस्त्रीनं फोनवरच निदान केलं, की प्लग गेलेत, चारही बदला. पण तो स्वतः बसवकल्याणला मेहुण्याच्या घरभरणीत अडकलेला. शुक्रवारशिवाय येत नव्हता. आणि गुरुवारी तर निवृत्ती पाटलांचा देवणी वळू नांदेडच्या प्रदर्शनाला पोचवायचा होता. वळूचं नाव बादशा, आणि तो तसाच वागायचा. बारा वाजता नोंदणी बंद.

गुरुपादप्पांचं म्हणणं, लातूरहून दुसरा मिस्त्री बोलवू. सिद्धम्माचं म्हणणं, चार आट्या उघडायला लातूर कशाला? वाद दुपारपर्यंत चालला. शेवटी ते म्हणाले,

"कर मग. पण गुरुवारी गाडी अडली, तर चावी रविकिरणच्या हातात. कबूल?"

रविकिरण म्हणजे त्यांचा पुतण्या. लायसन खिशात घालून तो दोन वर्षं याच दिवसाची वाट बघत होता. सिद्धम्मानं कमरेची चावी एकदा चाचपली.

"कबूल."

बुधवारी दुपारी, जुन्या साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवून, ती कामाला लागली. मोबाईलवरचा व्हिडिओ तिनं चौदा वेळा पाहिला होता. इंजिन गार हवं, होतं. चारी वायरी एकमेकींत मिसळू नयेत, म्हणून तिनं प्रत्येकीला वेगळ्या रंगाची टिकली लावली. हे व्हिडिओवाल्यालाही सुचलं नव्हतं! इंजिन सीटखाली, म्हणून सीट उचलली, भोकांतली धूळ फुंकणीनं फुंकली, पाना लावला आणि चारही जुने प्लग असे अलगद काढले, की जणू दुधावरची साय. ते तिनं लगोलग दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकले. मागे वळून बघणाऱ्यातली ती नव्हतीच.

इथपर्यंत, वाचकहो, एकही चूक नाही. मल्लिकार्जुन असता तर त्यानं पाठ थोपटली असती.

पण या घरात एक रीत. नवी वस्तू भस्म लावल्याशिवाय वापरायची नाही. मिक्सरला लावलं, फ्रिजला लावलं. गुरुपादप्पांच्या नव्या फोनला तर तीन आडवे पट्टे असे बसले, की दोन दिवस कुणाचा फोन येतोय ते दिसेना. भस्म लावायचा मान सासूबाईंचा. शांतम्मा ऐंशीच्या. त्यांनी बाजारातून आणलेले चारही नवे प्लग ताटलीत मांडून घेतले, अंगठा ओला केला, पांढऱ्या अंगावर पट्टे ओढले. मग विचारलं,

"याचं तोंड कुठं हाय गं?"

"हे बघा आत्या, इथं ठिणगी पडते," सिद्धम्मानं मोठ्या अभिमानानं दाखवलं.

झालं! जिथं ठिणगी पडते तिथंच आशीर्वाद हवा. शांतम्मांनी भस्मात कुंकू कालवलं आणि त्या बारीक फटीत, लाडू वळताना बेदाणा दाबावा तसं, नीट दाबून भरलं. एकदा, दोनदा.

व्हिडिओवाला बजावून म्हणाला होता की टोकाला घाण लागू देऊ नका. सिद्धम्माला ते आठवलंही. पण भस्म म्हणजे काय घाण आहे? शिवाय नवऱ्याशी झालेल्या वादात "करू दे की तिला, सून कुणाची हाय!" असं म्हणणारं या घरात एकच माणूस होतं, आणि ते आता डोळे मिटून पुटपुटत होतं. त्यांच्यासमोर ते पुसायचं? सिद्धम्मानं चारही प्लग हातानं, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवावं तसे आट्यांत बसवले, पान्यानं आवळले आणि टिकल्या बघून वायरी जोडल्या.

किल्ली मारून बघणार, तोच शांतम्मा "बेडा, बेडा" करत आडव्या आल्या. या घरात नको म्हणायचं तर कानडीतच म्हणतात, म्हणजे ते ठाम असतं. पहिली सुरुवात गुरुवारी सकाळी, सव्वासातच्या मुहूर्तावर. गुरुपादप्पांनीही मान डोलवली. बहुधा त्यांनाही निकाल एक रात्र पुढं ढकलायचा होता.

गुरुवारी सहाला निवृत्ती पाटील बादशाला घेऊन आले. अर्धी भेली गूळ आणि पाऊण तास, एवढ्या खर्चात तो गाडीत चढला. गल्ली गोळा झालेली. सव्वासातला सिद्धम्मानं ऐटीत किल्ली फिरवली.

गाडी खोकली. पुन्हा फिरवली. गाडीनं एक आचका दिला, म्हाताऱ्यानं झोपेत कूस बदलावी तसा, आणि गप्प झाली. बादशानं काय ते ओळखलं आणि मागे पेंढ्यावर बैठक मारली. त्याला उतरवून दुसऱ्या गाडीत घालू, असं निवृत्ती पाटलांनी सुचवलं खरं, पण बादशाची मुद्रा बघून त्यांनीच ते मागे घेतलं.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं गॅस संपला, कुणी म्हणालं बॅटरी, समोरच्या सरजाबाई म्हणाल्या दृष्ट. गुरुपादप्पांनी चावीसाठी नुसता तळहात पुढं केला.

"पंधरा मिनिटं थांबा," सिद्धम्मा म्हणाली.

सीट उचलून तिनं पहिला प्लग काढला. फटीत गुलाबी, घट्ट, भाजलेली मोदकाची पारीच जणू! दुसरा तसाच. तिसरा तसाच. ठिणगी बिचारी पडणार कुठं?

सिद्धम्माच्या जिवात जीव आला. म्हणजे आपलं काम चोख होतं! नुसतं बोट दाखवायचं आणि चावी वाचली. तिनं मान वर केली. दारात शांतम्मा हात जोडून उभ्या होत्या, ओठ हलत होते, आणि चेहऱ्यावर असा विश्वास, की इंजिन नव्हे, सूनच सुरू व्हायची आहे.

सिद्धम्मानं मान खाली घातली. धावत घरात जाऊन मोरीतला पहिला हाती लागला तो टूथब्रश आणला, पाठमोरी बसून चारही तोंडं लख्ख घासली, फटीत सुई फिरवली, पुसली, प्लग पुन्हा बसवले. किल्ली. गाडी एका झटक्यात गुरगुरली. बादशा उभा राहिला!

"काय झालतं गं?" शांतम्मांनी विचारलं. अख्खी गल्ली कान देऊन.

"काही नाही आत्या. माझ्याच हातून एक प्लग ढिला राहिला होता."

म्हणजे गाडी अडली, आणि हिच्यामुळं अडली. स्वतःच्या तोंडानं कबूल. रविकिरण आलाच होता, एक पाऊल पुढंही झाला. गुरुपादप्पांनी खाली पडलेला टूथब्रश उचलला. तो त्यांचाच होता. ते त्याच्या गुलाबी झालेल्या केसांकडे बघत राहिले, मग आईकडे, मग बायकोकडे.

"अडली कुठं?" ते खाकरून म्हणाले. "निघायलाच उशीर झाला. नांदेडला पोचली न्हाई तर बघू. चल, नीघ."

अकरा पस्तीसला बादशाची नोंदणी झाली. दुपारी त्याचा दुसरा नंबर आला, आणि निवृत्ती पाटलांनी आपल्या गळ्यातला हार गाडीवाल्या वहिनींच्या गळ्यात घातला. परतीच्या सगळ्या वाटेवर सिद्धम्मा एकटीच हसत होती. एकही चढ तिला चढ वाटला नाही.

संध्याकाळी घरी आली तर दाराशी चपलाच चपला. आपल्या स्वागताला गल्ली लोटली, या समजुतीनं तिनं हार जरा वर ओढला आणि आत गेली. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. मधोमध शांतम्मा, पुढ्यात भस्माची डबी, आणि ताटलीत ओळीनं नवे कोरे प्लग. प्लग ढिला होता हे खरं, पण गाडी सुरू झाली ती शांतम्मांच्या भस्मानं, असं सरजाबाईंनी दुपारभर बाजारपेठेत सांगितलं होतं. एक तर डिझेल ट्रॅक्टरवाला. त्याच्या इंजिनाला प्लगच नसतो, पण आशीर्वाद चुकायला नको, म्हणून तो शेजाऱ्याच्या मोटारसायकलचा घेऊन आला होता.

"आलीस? बस," शांतम्मा म्हणाल्या. चेहरा उजळलेला. "दुपारपासून सात जणांना लावून दिलं बघ. नेमकं ठिणगीच्या तोंडाला."

सिद्धम्मा बसली नाही. तिनं गळ्यातला हार काढून सासूच्या गळ्यात घातला आणि पान्याची पिशवी खांद्याला लावली.

"आत्या," ती म्हणाली, "त्या सातांची नावं सांगा."