वाढप पुरं झाल्याबिगर

बशीर सकाळपासून उपाशी होता, आणि तेही मोठ्या आनंदानं. महाबळेश्वरात नवं होटेल काढलेल्या फ्रेंच मादामनं त्याला दुपारी जेवायला बोलावलं होतं. लढाई संपल्यावर साहेबलोक पुन्हा थंड हवेला येऊ लागले होते, आणि त्यांच्यासाठी हंगामभर कोंबड्या कुणाकडून घ्यायच्या हे मादामला आज ठरवायचं होतं. लोणंदच्या बाजारात कोंबड्या विकणाऱ्या बशीरला एवढं मोठं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नव्हतं. सकाळीच त्यानं एक टंच कोंबडी होटेलच्या मुदपाकखान्यात स्वतः हलाल करून दिली होती. 'आधी आमच्या हातची तुमची कोंबडी खा, मग बोलू,' असा मादामचा निरोप होता.

सोबतीला त्यानं आपला मित्र नाथाजी आणला होता. नाथाजी पलटणीतून सुटून आल्यापासून 'आमी फ्रान्स बघितला' असं पारावर सांगत असे. त्यात खोटं काही नव्हतं. इटलीहून परतताना त्याची बोट फ्रान्सच्या बंदराला लागली होती. कुणाला खाली उतरू दिलं नव्हतं, एवढंच सांगायचं त्याच्याकडून राहून जाई.

"गड्या, काय कसं खायचं ते तूच सांग," खुर्चीच्या कडेवर बसत बशीर म्हणाला. "काय चुकलं तर धंदा बुडला माजा."

"म्या हाय न्हवं? म्या करीन तसं करायचं."

कायतान नावाच्या गोवेकर बटलरनं दोघांपुढे सूप आणून ठेवलं. बशीरनं चमचा उचलला.

"ठेव त्यो खाली!" नाथाजी दबक्या आवाजात डाफरला.

"का रं?"

"वाढप कुठं पुरं झालंय? पानात समदं आल्याबिगर घास उचलत्यात व्हय? फ्रान्समधी तर ह्ये लय कडक असतंय."

हे ज्ञान त्याला गावच्या लग्नांत झालं होतं; पण पंगत म्हणजे पंगत, फ्रान्स झाला म्हणून काय झालं, असा त्याचा हिशेब होता. दोघं मांडीवर हात ठेवून बसले. कायतान पाहुण्यांचं सूप संपायची वाट बघत भिंतीशी उभा राहिला, आणि पाहुणे पुढचं वाढण्याची वाट बघत बसले. दोन्ही बाजू सभ्य असल्यामुळे कुणीच काही बोललं नाही. शेवटी सूप गार झालं आणि कायताननं ते उचलून नेलं.

"आरं, त्यानं नेलं की!" बशीर घाबरला.

"गार झालं म्हणून नेलं. गरम करून आणंल."

आली मासळी. बटाट्याच्या दोन फोडींशेजारी एकच तुकडा. बशीरच्या तोंडाला पाणी सुटलं. नाथाजीनं नकाराची मान हलवली. भात नाही, भाकरी नाही, मीठसुद्धा वाढलेलं नाही. सुरुवात कशी करणार? थोड्या वेळानं मासळीही आली तशी गेली. मुदपाकखान्याच्या दारात मादाम येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावरून खानसामा डोकावत होता, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

मग कोंबडी आली. लोण्यात परतलेली, तांबूस, घमघमणारी. बशीरनं तिला दाणे घातले होते. आता तिच्याकडे बघून त्याचे डोळे भरून आले. दुःखानं नव्हे, भुकेनं.

"नाथा, येक घास घेतो."

"धंदा पायजे का घास?"

बशीरनं धंदा निवडला. कोंबडी गार होऊ लागली, तशी मादाम तरातरा टेबलाशी आली आणि बरंच काही बोलली.

"मादाम विचारतात," कायतान म्हणाला, "कोंबडीवाला स्वतःच आपली कोंबडी खाईना, तर ती आम्ही साहेबलोकांना कशी घालायची?"

 बशीरनं नाथाजीकडे असं पाहिलं, की नाथाजीला उठून उभं राहावंच लागलं. पलटणीत साहेबापुढे राहायचा तसा तो ताठ झाला.

"बाईसाब, कोंबडी झ्याक हाय. पर येकटी आलीया. आदी आलं ते नेलं, मागचं अजून न्हाई. समदं येका टायमाला पुढ्यात यावं, मग मानसानं हात लावावा. फ्रान्सची हीच रीत हाय."

कायताननं घाबरत घाबरत तसंच्या तसं सांगितलं. मादाम नाथाजीकडे बघतच राहिली. मग खुर्ची ओढून तिथंच बसली, रुमालानं डोळे पुसू लागली आणि हळू आवाजात कायतानशी बोलत राहिली.

"काय म्हनती?" बशीरनं धीर करून विचारलं.

"म्हणतात, खरं आहे. त्यांच्या आजीच्या घरी असंच होतं, सगळं एकदम मांडायचं, मग बसायचं. फ्रान्सची जुनी रीत तीच. हे एकेक आणायचं खूळ रशियावाल्यांचं. आजवर कुणी पाहुणा असं बोलला नाही. कोंबड्या तुमच्याच घेणार. आणि आता बसा, सगळं पुन्हा मांडतो."

खानसाम्यानं खरोखरच सगळं एकदम मांडलं. सूप, मासळी, ऊन करून आणलेली कोंबडी, पाव, पुडिंग, कॉफीसुद्धा. टेबलावर बोट ठेवायला जागा उरली नाही. बशीरनं नाथाजीच्या हुकमाची वाट न बघता कोंबडीची तंगडी तोंडात घातली आणि मगच विचारलं,

"नाथा, खरं सांग. तुला ठावं व्हतं ह्ये?"

नाथाजी मिशीला पीळ भरत खिडकीबाहेर बघत होता.

"मग?" तो म्हणाला. "उगंच उतरलो व्हतो व्हय तिथं?"