कुजबुजरावांच्या मागे कोण?

खडीच्या खाणीवर वायरलेसच्या खोलीत बसणाऱ्या गृहस्थांना ड्रायव्हर लोक तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘कुजबुजराव’ म्हणत. देवाने त्यांना देह धिप्पाड दिला आणि आवाज मात्र कुणाचा तरी उरलेला. डोंगरावरचा रस्ता एका ट्रकपुरताच होता. वरचा भरलेला ट्रक उतरत असला की खालच्याने पायथ्याच्या नाक्यावर थांबायचं, हे ट्रकमधल्या सीबी रेडिओवर सांगणं एवढंच त्यांचं काम. एकोणीस वर्षं ते सांगत होते, आणि एकोणीस वर्षं ड्रायव्हर ‘इंजिनापुढे ऐकू आलं नाही’ म्हणून कानावर हात ठेवत होते. सोमवारी मधल्या वळणावर दोन ट्रक नाकाला नाक लावून उभे राहिले. बाजूला सरळ दरी. मागे घेता घेता तीन तास गेले.

मालक खोलीत आले ते बसलेसुद्धा नाहीत.

"अजून एकदा असं झालं ना, की तुम्ही फावडं घ्या आणि खडीवर जा. या खुर्चीत मी आवाज असलेला माणूस बसवीन."

पन्नाशी उलटल्यावर फावडं! संध्याकाळी कुजबुजरावांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान गाठलं. मिस्त्रीने एक जाडजूड माईक काढला. आवाज वाढवणारं यंत्र माईकच्या आतच होतं, वेगळ्या बॅटरीवर चालणारं, आणि बुडाशी एक गोल बटण.

"हे अर्ध्यावर ठेवा," मिस्त्री म्हणाला. "पूर्ण फिरवलंत तर आवाज फाटेल. शिवाय बारीकसारीक सगळंच मोठं होईल. तुम्ही बोलायचे थांबलात ना, की खोली बोलायला लागेल."

कुजबुजरावांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी बटण पूर्ण फिरवलं. एकोणीस वर्षांची भूक अर्ध्यावर भागते थोडीच!

आणि काय आश्चर्य! "सात नंबर, थांब," म्हणताच सात नंबर थांबला. अकरा नंबरने तर चक्क ‘जी साहेब’ म्हटलं. कुजबुजराव तीन दिवस हवेत होते. चौथ्या दिवशी सात नंबरचा ड्रायव्हर खोलीच्या दारात आला. उंबरठा काही त्याने ओलांडला नाही.

"साहेब, रागावू नका, पण तुमच्या मागे कोण बसतं?"

"मागे? कुणी नाही."

"मग तुमचं बोलणं संपलं की श्वास कोण घेतं? घड्याळाची टकटक येते, पत्रा कुरकुरतो, आणि मग तो बोलतो. जाड, फाटका आवाज. काल मला म्हणाला, ‘झोपलायस... झाडाखाली... मला दिसतंय.’ आणि साहेब, मी खरंच त्या समोरच्या झाडाखाली झोपलो होतो हो!"

ड्रायव्हर गेला. कुजबुजरावांनी सावकाश मागे वळून पाहिलं. कपाट, घड्याळ, भिंत. त्यांनी खुर्ची ओढून पाठ भिंतीला टेकवली. तासाभरात चार नंबरचा थरथरता आवाज आला, "साहेब, आता तो भिंतीतून बोलतोय!"

त्यांनी घाईघाईने बटण अर्ध्यावर आणलं. भूत गेलं. पण त्याच दुपारी अकरा नंबर न विचारता चढून आला, वर ‘ऐकू आलं नाही’ म्हणाला. नशीब, समोरून कुणी उतरत नव्हतं. कुजबुजरावांनी बटण पुन्हा पूर्ण फिरवलं. नोकरी हवी तर भूत हवं. मग ते रोज त्याच्यासोबत बसू लागले, अंग चोरून, मागे न बघता.

पुढच्या आठवड्यात शनिवारी भर दुपारी धुकं उतरलं. कुजबुजराव डबा घरी विसरले होते, म्हणून बायको चार नंबरच्या ट्रकमधून वर आली. आत येऊन तिने दार लावलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अहो, रेडिओ ऐकून तो ड्रायव्हर नुसता कापत होता! भूत कसलं? तुम्हीच ते!"

"मी?"

"बोलून झाल्यावर तोंडातल्या तोंडात पुटपुटता ना. आणि माईकचा बोलायचा खटका अंगठ्याखाली तसाच दाबलेला. घरीसुद्धा तेच. तोंडाने म्हणता ‘काहीही चालेल’, आणि मान फिरवून खरं काय ते पुटपुटता. चोवीस वर्षं मी तेवढंच ऐकत आलेय. नाहीतर संसार झाला असता का?"

कुजबुजराव थक्क झाले. भीती गेली, पण मनात खोल काहीतरी दुखलं. आपलं बोलणं कुणी ऐकत नव्हतं, सगळे फक्त आपलं पुटपुटणं ऐकत होते. घरीसुद्धा!

तेवढ्यात अकरा नंबर भरून उतरायला लागला. भरलेला ट्रक त्या उतारावर मध्येच थांबत नसतो.

"सात नंबर, नाक्यावर थांब. अकरा उतरतोय," कुजबुजराव म्हणाले. अंगठा तसाच ठेवून ते पुटपुटायला गेले. पण आता ते स्वतःचं ऐकत होते. जीभ टाळूला चिकटली. रेडिओतून नुसती टकटक गेली.

"आज मागचा नाही वाटतं?" सात नंबरचा आवाज एकदम मोकळा झाला. "काय म्हणालात, ऐकू नाही आलं. निघतो मी." गिअर पडल्याचा आवाज आला.

"अरे, थांब! थांब!" कुजबुजराव जिवाच्या आकांताने ओरडले. माईकमध्ये तो आवाज फाटून नुसती खरखर झाली.

बायकोने त्यांच्या हातातून माईक घेतला. मान फिरवली, डोळे मिटले आणि चोवीस वर्षांचं पाठांतर अगदी हळू सुरू केलं.

"निघतोय म्हणे... निघ... ये वर... वळणावर कोण उभंय... ते दिसेलच तुला..."

खोली गार पडली. कुजबुजरावांनाच क्षणभर मागे बघावंसं वाटलं. मग रेडिओत ब्रेक किंचाळला.

"थांबलो! थांबलो साहेब! मागे घेतो!"

दोघं रेडिओला कान लावून बसले. पाच मिनिटांनी अकरा नंबरने धुक्यातून नाक्याच्या पलीकडे सुखरूप गेल्याचं कळवलं. कुजबुजरावांचे डोळे भरून आले. बायकोने माईक त्यांच्या हातात दिला.

रेडिओ पुन्हा खरखरला. सात नंबर आता अगदी हळू आवाजात विचारत होता, "साहेब... आज तुमच्या मागे बाई होती का?"

"होती," कुजबुजराव म्हणाले. "ती आली की मागचा गप्प बसतो."