खिरापत कोणी फोडली?

पोरगी बहिरी नव्हती, साहेब. बहिरी आहे असं तुम्ही ठरवलंत. भरल्या वर्गात ठरवलंत, आणि तेही तिच्या पाठीमागे उभं राहून. तिचं तोंड पाहायचीसुद्धा तसदी घेतली नाहीत. जिभेला हाड नाही आणि खुर्चीला हात दोन, एवढ्या भांडवलावर तुम्ही एका आईची कोजागिरी नासवायला निघाला होतात.

गोष्ट आष्टीची, अठ्ठ्याहत्तर सालची. बाजारगल्लीत चंद्रभानचं किराणा दुकान. बायको लीलाबाई, आणि एकुलती एक लेक वत्सला, घरीदारी वच्छी. वच्छी नऊ वर्षांची. हाक मारली तर वळत नसे, डोळ्याला डोळा देत नसे. बोललीच तर एखादा शब्द, तोही तिच्या मर्जीनं. अशा लेकरांना आज शहाणे लोक स्वमग्न म्हणतात. तेव्हा आष्टीत दोनच शब्द होते, येडी आणि बिचारी, आणि दोन्ही ऐकले की लीलाबाईचं डोकं सारखंच फिरायचं.

साहेब शिक्षण खात्याचे, शाळेमागच्या क्वार्टरात राहायचे. एक दिवस वर्गात आले, वच्छीच्या मागे उभे राहिले आणि पितळी थाळी अशी बडवली की मास्तरांच्या हातातला खडू पडला. वच्छी हलली नाही. कौलाच्या फटीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात धूळ कशी फिरते, ते ती पाहत होती.

"ठार बहिरी," साहेब म्हणाले. चंद्रभानला बोलावून घेतलं. "नागपूरला अशा मुलांची शाळा आहे. राहायची सोय आहे. कोजागिरी झाली की मी स्वतः नेऊन घालतो."

चंद्रभान घरी आला तो साहेबांचा शब्द डोक्यावर घेऊनच.

"साहेब म्हणते बहिरी हाय, म्हणजे हायच. थे इतके शिकलेले."

"बहिरी हाय, तं पिठाची गिरणी सुरू झाली का कानावर हात काऊन ठेवते?"

"सवय असन."

"कोणाची? गिरणीची?"

"गिऱ्हाईक आलं," म्हणत चंद्रभान दुकानात गेला. आलंही होतं. नसतं आलं तरी त्यानं तेच सांगितलं असतं.

लीलाबाईच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. वच्छीची आवडती जागा म्हणजे दुकानाच्या फळीखाली, पोत्यांच्या मधे. वर चंद्रभान मापानं धान्य ओतायचा आणि खाली पोरगी डोळे मिटून हसायची. तुरीची डाळ ओतली की जास्तच. आपल्या हाकेत हिला गोडी नाही आणि तुरीत आहे, असं काऊन?

एका दुपारी चंद्रभान जेवायला आत गेला, तेव्हा लीलाबाईनं पोत्याआड बसून रिकाम्या डब्यात मूठभर दाणे टाकले आणि हलवले.

"हरभरा," फळीखालून आवाज आला.

लीलाबाईनं डबा रिकामा केला. तिनं दुसरं काही टाकलं.

"फुटाणे."

मग रेवड्या, मग साबुदाणा. एकही चुकलं नाही. शेवटी लीलाबाईनं साखर घेतली.

"साखर," वच्छी म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "वली."

साखर ओली कशी झाली, हा वेगळा प्रश्न होता. तो लीलाबाईनं नवऱ्यासाठी राखून ठेवला.

चंद्रभानला हे कळलं, तेव्हा पोरीच्या कानांचं कौतुक राहिलं बाजूला, तो घाबरला. "कोणाले सांगू नको, वच्छीची माय. साहेबाचा शब्द खोटा पडन."

तेवढ्यात भुलाबाई बसल्या. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी जायच्या, टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या, आणि मग घरची बाई खिरापतीचा झाकलेला डबा हलवायची. आत काय आहे ते ओळखा, मग खा. या खेळात लीलाबाईला वच्छीला एकदा तरी बसलेली पाहायचं होतं. पुढच्या साली पोरगी कुठं असेल, कोणाच्या खाटेवर निजेल, कोण जाणे. म्हणून ती यशोदाबाईच्या बेबीकडे गेली. बेबी वच्छीच्याच वर्गात, आणि गल्लीतल्या पोट्ट्यांची म्होरकी.

"बेबी, वच्छीले संगं घे न माय."

"काकू, टिपऱ्या वाजल्या का थे पळते."

लीलाबाईनं जुनं लुगडं फाडलं आणि सगळ्यांच्या टिपऱ्यांना चिंध्या गुंडाळून दिल्या. पहिल्या दिवशी यशोदाबाईच्या घरी टिपऱ्या धप्‌धप् वाजल्या, पोरी हसून लोळल्या. वच्छी उंबऱ्यावर बसली, कानांवर हात ठेवून, पण बसली. डबा हलला तसे तिनं हात काढले.

पोरी तोंड उघडणार तोच उंबऱ्यावरून आवाज आला, "मुरमुरे. दाळं. खोबरं."

खेळ संपला. यशोदाबाईचा हात हवेतच राहिला. दुसऱ्या दिवशी मीराबाईची शंकरपाळी वच्छीनं ओळखली. तिसऱ्या दिवशी आनंदाबाईनं मुद्दाम खारका फडक्यात बांधून टाकल्या, त्याही ओळखल्या. पोरी खूश होत्या, खाऊ लवकर मिळत होता. बाया मात्र पेटल्या. तासभर पोट्ट्यांना झुलवायचं, एवढीच तर त्यांची वर्षाची मजा!

नळावर पंचायत भरली.

"पोट्टीले समजते कसं?"

"आयकत असन."

"बहिरी आयकते? साहेबच म्हणते न, ठार बहिरी हाय म्हणून!"

"मंग कोण सांगते?"

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांचा किराणा चंद्रभानकडचा.

यशोदाबाई तशीच ओल्या पदरानं दुकानावर आली. "काहो भाऊजी, परवा म्या खोबरं नेलं थे तुमी गावाले सांगतलं. उद्या जुलाबाचं औषध नेलं, तं दवंडी पिटसान का?"

"वयनी, देवाशपथ म्या नाई सांगतलं. तिले आयकू येते."

"म्हणजे साहेब खोटं बोलते?"

चंद्रभाननं तराजू पुसायला घेतला. "नाई नाई, साहेब खरंच बोलते."

"म्हणजे पोट्टी बहिरी?"

"हो."

"मंग तुमीच सांगतलं!"

गल्लीचं गिऱ्हाईक उठून हिरालालच्या दुकानात गेलं. चंद्रभानच्या गुळावर माश्या आल्या, त्याही जुन्या ओळखीच्या. पोरीला ऐकू येतं म्हणावं तर साहेब खोटे, नाही म्हणावं तर आपण चुगलखोर. दोन दिवस तो घरात नुसता येरझारा घालत होता, आणि फळीखाली वच्छी मात्र मजेत होती. दुकान रिकामं असलं की उंदरांचेही आवाज छान येतात.

शेवटी बात साहेबांपर्यंत गेली. साहेबांना राग आला. बहिऱ्या पोरीला ऐकू येतं अशी अफवा म्हणजे खात्याची बदनामी. "कोजागिरीची भुलाबाई माझ्या घरी," त्यांनी जाहीर केलं. "डबा मी भरणार. आष्टीच्या दुकानांतलं काही वापरणार नाही. पाहू कोण ओळखतं!"

आर्वीहून स्वतः पेढे आणले. मागच्या वावरातून ओंजळभर नवा कापूस आणला. बायकोला बाहेर काढलं, दाराला कडी घातली, आणि पेढे कापसात असे गुंडाळले की डबा हलवला तर डब्यालाच कळू नये.

तिन्हीसांजेला अंगणात सगळी गल्ली जमली. चुलीवर आटीव दूध उकळत होतं. चिंध्यांच्या टिपऱ्यांवर गाणी झाली. साहेबांनी डबा हलवला.

काहीच वाजलं नाही.

"लाडू!" "अनारसे!" "खालीच हाय डबा!" पोरी ओरडल्या. साहेब मान हलवत राहिले, मजेत.

वच्छी उंबऱ्यावरून उठली. आजवर ती कधी उठली नव्हती. साहेबांजवळ आली, त्यांच्याकडे न पाहताच डब्याला गाल लावला.

"पुन्हा," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा हलवला. वच्छी हसली. तुरीच्या डाळीला हसायची तशी.

"सरकी."

साहेब मोठ्यानं हसले. "खिरापतीत सरकी? पोरी आल्यात का म्हशी? पाहिलंत सगळ्यांनी? आता तरी पटलं?"

लीलाबाई पुढे झाली. म्हणाली, "झाकण तं उघडा, साहेब."

झाकण उघडलं. यशोदाबाईनं पेढा बाजूला सारून कापूस चिमटीत धरला. शेतकऱ्याची बाई, तिला सांगावं लागत नाही. "सरकी तं हाय वो. न पिंजल्या कापसात सरकी नाई, तं का पेढ्यात राह्यन?"

कापूस हातोहात अंगणभर फिरला.

"कोणीतरी सांगितलं असेल तिला," साहेब म्हणाले.

"कोणाले मालूम होतं?"

"मला तर बाहेरच काढलं होतं बाई," साहेबांची बायको दूध ढवळता ढवळता म्हणाली.

मग बेबी उठली. "साहेब, तवा वर्गात तुमी थाळी उचलली न, तवाच वच्छीनं कानात बोटं घातली होती. बडवायच्या आंधीच. थाळीले तुमची आंगठी लागली होती, थेच तिले आयकू आलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मले कोणी इचारलं?"

साहेबांनी कोटाची बटणं लावली. बटण लावलं की माणूस बरोबर असतो, अशी त्यांची समजूत असावी. "ते काही असो. नागपूरला कळवून झालंय. आता बदल होत नाही. उद्या सकाळी मुलीला तयार ठेवा."

चंद्रभान मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. साहेबांसमोर त्याची मान आजवर वर झाली नव्हती, आताही फार झाली नाही. पण हात लांब झाला. साहेबांच्या हातातून त्यानं डबा काढला आणि वच्छीच्या हातात दिला. "पोरगी येत नाई, साहेब."

"आता वच्छीच भरन अन् वच्छीच हलवन," बेबीनं सांगून टाकलं. "आमी वळखतो."

पोरी गोल बसल्या. वच्छी आडोशाला गेली, डब्यात काहीतरी टाकून आली, आणि कानाशी धरून हलवू लागली. पोरी चुकत होत्या, ती हसत होती. प्रत्येक चुकीला जास्त.

"असं करता येत नाही," साहेब लीलाबाईला म्हणाले. "नागपूरला मी काय उत्तर देऊ?"

"नागपूरचं मागून पाहू," लीलाबाई पदर खोचत म्हणाली. "पयले मले उत्तर द्या. पोरगी बहिरी. डबा भरला तवा वच्छीचे बाबा दुकानात. डबा तुमचा, घर तुमचं, दाराले कडी तुमची. मंग खिरापत कोणी फोडली? बोला साहेब, सगळ्या बाया आयकून राह्यल्या."