काठावरचा करकोचा

एका जंगलात, म्हणजे जपानातल्या एका जंगलात, गरम पाण्याचं एक कुंड होतं. मी तिथं कधी गेलो होतो, व्हिसा कुणी दिला, असले प्रश्न विचारायचे नाहीत. हाताची घडी, तोंडावर बोट.

तर बाळांनो, त्या कुंडात लाल तोंडाची माकडं बसायची. बाहेर बर्फ, आत ऊन ऊन पाणी. थंडीत ज्याला कुंडात जागा, तो जगला. ज्याला नाही, त्याचं काही खरं नाही.

ओशिनो नावाची एक माकडीण होती. तिला एकुलतं एक पोर, तामे. अंगानं किरकोळ, खोड्यांनी भारी. हिवाळा लागला की ओशिनोचा जीव टांगणीला लागायचा.

एकदा माकडांना वाटलं, आपल्यावर कादंबरी हवी. पलीकडच्या डोंगरातल्या अस्वलांवर होती ना, म्हणून. पण सांगायची कुणी? म्होरक्या गोन्जो सांगू लागला, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत गोन्जोच. त्याची भावजय सांगू लागली, तर गोन्जो खलनायक.

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!" म्हातारी माकडं करवादली. "निवेदक बाहेरचाच हवा. ज्याचं इथं कुणी नाही, तोच खरं सांगेल."

दर हिवाळ्यात परदेशातून एक करकोचा यायचा. लांब पाय, लांब मान, चेहऱ्यावर भाव म्हणून नाही. माकडांना तो एकदम पसंत पडला.

"मी काठावर उभा राहीन," करकोचा म्हणाला. "सगळं बघेन. मध्ये पडणार नाही."

तो रोज संध्याकाळी एक प्रकरण ऐकवू लागला. 'गोन्जोनं खिन्नपणे आकाशाकडे पाहिलं,' असं तो म्हणाला, की दुसऱ्या दिवशी गोन्जो सकाळपासून आकाशाकडे बघत बसायचा. मान अवघडली तरी बघायचा. पुढे पुढे तर करकोच्यानं सांगितल्याशिवाय कुणी पाठसुद्धा खाजवेना. ओशिनो तेवढी खाजवायची. तिला पोराच्या उवा काढायच्या असायच्या. साहित्याला वेळ कुठला?

एका दुपारी तामे बर्फावरून घसरला तो थेट कुंडाशेजारच्या ओढ्यात. पाणी गार, धार जोराची. करकोचा अगदी जवळ उभा होता. नुसती चोच पुढे केली असती तरी पोर हाती लागलं असतं.

"अहो करकोचेराव, धरा की त्याला!" ओशिनो किंचाळली.

"बाई, निवेदकानं कथेत ढवळाढवळ करायची नसते." करकोच्यानं डोळे मिटले आणि शब्द जुळवले. "पोर वाहत चाललं. बर्फ पडत राहिला."

"अहाहा!" कुंडातून दाद आली. उठलं मात्र कुणीच नाही. उठल्याचं वाक्य अजून आलं नव्हतं.

"आग लागो तुमच्या कादंबरीला!" म्हणत ओशिनोनं ओढ्यात उडी घेतली. ढोपरं फुटली, पण तिनं पोराचं मानगूट धरलंच. खाली कुठंतरी काठाला लागल्यावर त्याला छातीशी घेऊन ती ढसाढसा रडली.

ती परत चढून येईपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर करकोच्याचं शेवटचं प्रकरण संपलं होतं. त्यात तामे बुडाला होता. सगळं कुंड हुंदके देत होतं.

"सरका जरा," ओशिनो म्हणाली. "पोर गारठलंय. आत घेऊ द्या."

"कुठलं पोर?" गोन्जोनं डोळे पुसले.

"तामे! हा काय!"

"धीर धर, ओशिनो. गेला गं तो."

"गेला काय? शिंकतोय बघा!"

तामे शिंकला. माकडांना आणखीच भडभडून आलं.

"तू आई. तुला तो दिसणारच," म्हातारी माकडं म्हणाली. "करकोचा बाहेरचा. त्याला खोटं बोलून काय मिळायचंय?"

ओशिनोनं करकोच्याचे पाय धरले. "एक वाक्य घाला हो. 'पोर वाचलं,' एवढंच. नाहीतर उघड्यावर मरेल."

करकोच्यानं तामेकडे प्रथमच नीट पाहिलं. "वाचलाय खरा. पण शेवटाची रया जाईल, बाई. आणि हवा अशीच राहिली, तर उद्यापर्यंत कादंबरी बरोबरच ठरेल."

ओशिनोनं पाय सोडले. उभी राहिली. आणि करकोच्याला दोन्ही हातांनी कुंडात ढकललं.

धबाक!

"अरेच्चा, पाणी ऊन आहे की!" करकोचा म्हणाला आणि गळ्यापर्यंत खाली बसला.

माकडं चपापली. "हा तर आपल्यातलाच झाला," गोन्जो कुजबुजला. "आता हा आपल्याच सोयीचं सांगणार. याचा शेवट खरा कसा मानायचा?"

"मग बाहेरचं कोण उरलं?"

सगळ्यांनी काठाकडे पाहिलं. काठावर एकटी ओशिनो होती.

"सांग बाई," गोन्जो अदबीनं म्हणाला. "पोराचं काय झालं?"

"वाचलं."

लगेच जागा झाली. तामे आत गेला, मांडी घालून बसला, त्याचं नाक लाल झालं. ओशिनोनंही एक पाय पाण्यात टाकला.

"आत आलीस, तर तुझा शब्द धरता येणार नाही हं," म्हातारी माकडं म्हणाली.

ओशिनोनं पाय मागे घेतला.

"आई, ये ना," तामे म्हणाला.

"येते हं," ओशिनो म्हणाली. "बर्फ वितळला की येते. तू शेक."

तात्पर्य: आईच्या शब्दावर विश्वास ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त तिला आधी थंडीत उभं करावं.