यसूला वाचवणारा जुळारी

दस्तगीरभाईंना मजकूर पटला नाही, तर ते तो छापखान्यात जुळवत नसत. आधी पटेल असा करत आणि मग जुळवत. लेखकाला याचा पत्ता प्रूफ हातात पडल्यावर लागे. पुष्कळदा तेव्हाही लागत नसे, कारण आपण काय लिहिलं होतं हे लक्षात ठेवणारे लेखक आमच्या कोल्हापुरात त्या वेळी फार नव्हते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शनिवार पेठेतल्या एका बोळात तो छापखाना होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे दस्तगीरभाईंचं काम. नाकावर घसरलेला चष्मा, कानामागे विडी आणि सणासुदीलाही काळीच असलेली बोटं. रोज उचगावाहून सायकलनं येत. ‘बरं दिसतंय का हे?’ हा त्यांचा आवडता प्रश्न, आणि त्याचं उत्तर तेच देत.

एकदा एका लग्नपत्रिकेतली ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ त्यांनी गाळली. नवऱ्या मुलाचा बाप तणतणत आला. दस्तगीरभाई मान वर न करता म्हणाले, “थोरल्याच्या लग्नात बी हेच छापलंतं. भांड्यांनी खोली भरली न्हवं? खोटं छापणं बरं दिसतंय का?” मी थक्क होऊन त्या बापाकडे पाहिलं. तो बोटं दुमडत उभा होता. बहुधा भांडी मोजत असावा.

दुसऱ्या खेपेला आमच्या गावातल्या एका कवीच्या नावामागच्या साहित्यभूषण, काव्यरत्न आणि वक्तृत्वकेसरी या तिन्ही पदव्या उडाल्या. कवी छापखान्यात शिरले ते केसरीसारखेच.

“पावणं, नाव बापानं ठिवलं,” दस्तगीरभाई म्हणाले. “ह्ये बाकीचं कुणी ठिवलंय?”

कवींनी घसा साफ केला. खरी अडचण अशी, की ते त्यांनी स्वतःच ठेवलं होतं. पुस्तक पदव्यांवाचून निघालं. खपलं तितकंच.

या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगत असे. दुसऱ्याच्या मजकुरावर सुरी चालली की आपल्याला विनोद लवकर कळतो.

मी शाळेत मास्तर. वर्षाला एक कथा लिहायचो, दिवाळी अंकासाठी. शेवटी कुणीतरी मेल्याशिवाय संपादकाला कथा गंभीर वाटत नसे, म्हणून मी नेमानं एक माणूस मारत असे. त्या वर्षी यसू नावाच्या सासुरवाशिणीची पाळी होती. शेवटच्या परिच्छेदात ती विहिरीत उडी घेते. तो परिच्छेद मी अकरा वेळा लिहिला होता.

प्रूफ वाचता वाचता मी शेवटाशी आलो आणि गार पडलो. यसू विहिरीवर गेली होती खरी; पण तिथं तिनं तोंड धुतलं, फडक्यातली भाकरी खाल्ली आणि पेठ वडगावची एस.टी. पकडून ती भावाकडे गेली. माझ्या यसूला भाऊच नव्हता!

“दस्तगीरभाई, यसू विहिरीत उडी मारते!”

“मारत हुती,” ते शांतपणे म्हणाले. “मी थांबिवली.”

“थांबवली म्हणजे?”

“चोवीस वर्साची पोर, मास्तर. बरं दिसतंय का?”

“अहो, सगळी कथा त्या शेवटासाठी लिहिलीय मी!”

“मागल्या साली तुमी एक म्हातारी उपाशी मारली. त्येच्या आदल्या साली शाळंतलं पोरगं रेल्वेखाली घातलं. तुमच्या कथंत पाय टाकायचा म्हंजी माणसानं घरच्यांचा निरोपच घ्यावा की.”

माझ्या तीनही कथा आठवणारा माणूस मला प्रथमच भेटत होता. माझ्या बायकोनंही एकच वाचली होती, तीही अर्धी.

“ते काही नाही,” मी म्हणालो. “माझा शेवट परत लावा.”

त्यांनी विडी कानामागून काढली, पाहिली, पुन्हा तिथंच ठेवली. “अंक सोमवारी मशिनीवर चढतोय. उद्या रविवार. प्रूफ घिऊन घरला या. मग तुमी म्हणशिला तसं लावतो.”

रविवारी सकाळी मी उचगावला गेलो. दस्तगीरभाई दाराबाहेरच भेटले आणि आवाज खाली आणून बोलू लागले.

“आमची घरवाली चार वर्सं झाली, अंथरुणावरच हाय. एक बाजू गेलीया. पोरबाळ न्हाय. दिवसभर जे जुळीवलं ते सांजचं मी सांगतो. तिच्याकडं येतंय कोण, मास्तर? तुमच्या कथंतलीच माणसं. मागल्या सालची ती म्हातारी जगली म्हणून मी सांगितलंतं. मग शेजारच्या नूरीनं अंक वाचून दावला. दोन दिस जेवली न्हाय. तवापास्नं माझ्यावर इश्वास न्हाय तिचा. छापलेलं तेवढंच खरं मानती.”

आत खाटेवर त्यांच्या पत्नी रसूलबी पडून होत्या. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“ह्येच व्हय ते मारणारं मास्तर?”

दस्तगीरभाई खोकले. मी स्टुलावर बसलो. माझ्या लिखाणावर आजवर आलेल्या अभिप्रायांत इतका नेमका एकही नव्हता.

“आमचं मालक म्हणत्यात, यसू भावाकडं गेली,” त्या म्हणाल्या. “पर ते खोटं बोलत्यात. तुमी लिवणारं. तुमी सांगा. हाय का पोरगी?”

साहित्यातल्या वास्तवावर मी तासभर बोलू शकलो असतो. पूर्वी बोललोही होतो, हार घालून घेऊन.

“हाय की,” मी म्हणालो, आणि माझ्याच आवाजानं दचकलो.

“वडगावला?”

“वडगावलाच.”

“भावजय नीट बघती?”

कालपर्यंत जिला भाऊच नव्हता तिच्या भावजयीचा स्वभाव मी कुठून आणू? “तशी बरी आहे,” मी म्हणालो.

“बरी कसली असतीया? चार दिस ग्वाड बोलंल,” म्हणत रसूलबी एकदम उठून बसण्याच्या बेतात आल्या. उठता आलं नाही. चांगला हात तेवढा उचलला. “पोरीच्या हाताला काम पायजे, मास्तर. शिवाण येतंय का तिला?”

“येतं,” मी म्हणालो.

“मग मशिन घिऊन द्या की तिला. गप काय बसलाय?”

मी पिशवीतून प्रूफ काढलं, गुडघ्यावर पसरलं आणि पेनाचं टोपण उघडलं. दस्तगीरभाई आमच्याकडे पाठ करून दारात उभे होते, चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसत.

“दोन वळीत बशिवा, मास्तर,” ते न वळता म्हणाले. “पान भरत आलंय.”